स्वाराविना घोडे: रिंगणातला मोकळा खेळ बसवताना

पाठीवर स्वार नाही, हातात लगाम नाही. मधोमध एक माणूस आणि त्याच्याभोवती सहा, आठ किंवा बारा घोडे. सर्कशीतला हा खेळ बसवायला घेणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात: शिकवताना घोड्याला लावलेला दोर फार लवकर काढतात. घोडा दोन आठवडे नीट गोल फिरला, सांगितल्यावर थांबला, की झालं असं वाटतं. मग दोर सुटतो, घोडा दाराकडे धावतो, माणूस चाबूक घेऊन त्याच्यामागे पळतो. त्या पाच मिनिटांत घोडा एक गोष्ट पक्की शिकतो, की मोकळं असताना या माणसाचं ऐकलं नाही तरी चालतं. मी हे एका गुणी घोड्याच्या बाबतीत केलं आहे. तिसऱ्या आठवड्यात दोर काढला आणि झालेलं नुकसान भरून काढायला पुढचे पाच महिने गेले. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका, आणि मधल्या तपासण्या गाळू नका.

आठ घोड्यांचा बरा खेळ उभा राहायला वर्षभर धरून चला.

आधीची तयारी

रिंगण. सर्कशीचं रिंगण १३ मीटर व्यासाचं असतं. हे माप सोडू नका. एवढ्या रिंगणात मधल्या माणसाला एक-दोन पावलं टाकून लांब चाबकाच्या वादीने कोणत्याही घोड्याला स्पर्श करता येतो. रिंगण मोठं असेल तर घोड्याला तुमचा आवाका संपल्याचं लगेच कळतं. लहान असेल तर आतल्या पायांवर नको तितका ताण येतो. सरावासाठी कठडा खेळातल्यापेक्षा उंच हवा, निदान घोड्याच्या छातीपर्यंत. खेळाच्या बुटक्या कठड्यावर नवशिका घोडा सहज उडी मारतो.

जमीन. खाली दाबून बसवलेली माती, वर ओलसर भुसा. भुसा कोरडा पडला तर धूळ घोड्याच्या फुप्फुसात जाते, फार भिजला तर पाय घसरतो. मूठभर भुसा दाबा. गोळा झाला पण पाणी निथळलं नाही, म्हणजे ओल बरोबर. घोडे ज्या कडेने धावतात तिथे रोज घळ पडते. ती प्रत्येक सरावाआधी भरून घ्या.

साहित्य. नाकावर जाड पट्टी आणि तिला कडी असलेली मोहरकी, सात-आठ मीटरचा सुती दोर, पोटपट्टा, बाजूचे लगाम (घोड्याच्या डोक्यापासून पोटपट्ट्यापर्यंत बांधायचे), लांब वादीचा चाबूक, छोटी छडी आणि कमरेला खाऊची पिशवी. नायलॉनचा दोर घेऊ नका. घोडा उसळला की तो तळहात सोलून काढतो. हातमोजे घालाच, आणि दोर हाताला कधी गुंडाळू नका.

घोडे. चार वर्षांखालच्या घोड्याला गोलात धावण्याचं काम देऊ नका, त्याची हाडं अजून भरत असतात. उंची आणि रंग जुळणं प्रेक्षकासाठी चांगलं, पण तुमच्यासाठी स्वभाव आणि पावलाची लांबी जुळणं जास्त महत्त्वाचं. नर घोडे आणि माजावर येणाऱ्या घोड्या एका गटात ठेवू नका. पशुवैद्याकडून पाय, डोळे आणि फुप्फुसं तपासून घ्या. एका डोळ्याने कमी दिसणारा घोडा एका दिशेने छान चालतो, दिशा बदलली की बुजतो, आणि आपण त्याला हट्टी समजून बसतो. प्राण्यांच्या खेळांबाबत प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. परवाना, नोंदणी, प्रवासाच्या अटी यांची चौकशी घोडे निवडण्याआधी करा.

> तपासा: प्रत्येक घोडा मोहरकी घालून देतो का, चारही पाय उचलून देतो का, अंगावर चाबकाची वादी हळू फिरवली तर शांत उभा राहतो का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ येईपर्यंत रिंगणात नेऊ नका.

पायरी १: एकटा घोडा, लांब दोर, दोन माणसं

सुरुवातीला रिंगणात दोन माणसं लागतात. एक जण मध्ये दोर धरतो, दुसरा चाबूक घेऊन घोड्याच्या मागच्या बाजूला, पण लाथेच्या टप्प्याबाहेर चालतो. घोड्याला गोल फिरणं कळलं की दुसरा माणूस हळूहळू मध्यभागी सरकतो आणि शेवटी दोर व चाबूक एकाच्याच हातात येतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घोडा चाबकापेक्षा जास्त तुमची जागा वाचतो. त्याच्या खांद्यातून एक रेघ सरळ तुमच्यापर्यंत येते अशी कल्पना करा. तुम्ही त्या रेघेच्या मागे, म्हणजे त्याच्या पुठ्ठ्याकडे सरकलात की तो पुढे जातो. रेघेच्या पुढे, डोक्याकडे सरकलात की मंदावतो किंवा थांबतो. त्याच्या दिशेने पाऊल टाकलंत की बाहेर कठड्याकडे जातो, मागे सरलात की आत येतो. चाबूक आणि छडी म्हणजे याच जागेची लांबवलेली टोकं.

घोडा घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असेल तर तो तुमच्या डावीकडे जातो. म्हणून छडी डाव्या हातात, त्याच्या नाकाच्या पुढे, आणि लांब चाबूक उजव्या हातात, पुठ्ठ्याच्या मागे. घोडा या दोन टोकांच्या मधे चालतो. दिशा बदलली की हातही बदलतात. हा हातबदल घोड्याशिवाय, रिकाम्या रिंगणात शंभरदा करून पाहा. माणसाचे हात अडखळले की त्या क्षणी घोड्यापुढे दोन्ही टोकं एकदम येतात, आणि तो गोंधळून डोकं वर फेकतो.

दाब द्यायचा तो अगदी थोडा. घोड्याने पाऊल टाकलं की त्याच क्षणी दाब काढायचा. घोडा शिकतो तो दाब निघण्याच्या क्षणी. तुम्ही दोन सेकंद उशिरा चाबूक खाली केला, तर त्या दोन सेकंदांत घोड्याने जे केलं असेल तेच त्याने शिकलेलं असतं.

आधी साधी चाल, मग दुडकी. कँटर, म्हणजे दुडकीपेक्षा वेगवान धाव, अजून नको. दोन्ही दिशांना सारखा वेळ द्या. सर्कशीत घड्याळाच्या उलट दिशेने पळवण्याची रीत आहे म्हणून सरावही तेवढाच केला, तर घोड्याच्या एकाच बाजूचे स्नायू आखडतात आणि उजवीकडे वळताना तो लाकडासारखा वळतो. सराव पंधरा-वीस मिनिटांचा पुरे.

> सावध: बाजूचे लगाम पहिले काही आठवडे लावूच नका. नंतर लावले तरी नाक कपाळापासून सरळ खाली येणाऱ्या रेषेमागे छातीकडे ओढलं जाता कामा नये. आवळून बांधलेला घोडा दिसायला डौलदार दिसतो, पण त्याला पुढचं दिसत नाही आणि पाठ दुखते.

पायरी २: थांबणं, आणि बोलावल्यावर आत येणं

वेगाआधी थांबणं शिकवा. बहुतेक जण हे उलटं करतात. क्रम असा: आधी आवाज, मग तुम्ही रेघेच्या पुढे एक पाऊल, मग छडी नाकाच्या पुढे आडवी, आणि सगळ्यात शेवटी दोराचा हलका झटका. काही दिवसांत घोडा झटक्याची वाट पाहत नाही, छडीवर थांबतो. आणखी काही दिवसांनी पावलावर, आणि शेवटी आवाजावर.

थांबल्यावर त्याने जागच्या जागी कठड्याशी उभं राहायचं. तुम्ही त्याच्याकडे जायचं आणि तिथे खाऊ द्यायचा. गाजराचा तुकडा किंवा साखरेचा छोटा खडा, उघड्या तळहातावर. घोडा आपणहून आत येऊन खिसा हुंगायला लागला तर काहीही देऊ नका, शांतपणे परत कडेला पाठवा. ही शिस्त आज सोडली तर पुढे आठ घोडे एकाच वेळी तुमच्या अंगावर खाऊ मागायला येतील.

मग वेगळा धडा म्हणून आत येणं: घोड्याचं नाव, तुमचं एक पाऊल मागे, चाबूक सरळ वर. नाव म्हणजे या खेळातला दोर. प्रत्येकाचं नाव छोटं ठेवा आणि एकाचं दुसऱ्यासारखं वाटू देऊ नका. ‘राजा’ आणि ‘राणा’ एका गटात चालणार नाहीत.

> तपासा: दोर ढिला, जमिनीला जवळजवळ टेकलेला. घोडा दहा वेळा थांबवा, दहा वेळा आत बोलवा. दोर एकदाही ताणला गेला नाही तर पुढे जा. एकदा जरी ताणला गेला तर उद्या पुन्हा.

पायरी ३: दिशा बदलणं आणि गिरकी

दिशा बदलताना घोडा आतल्या बाजूने, तुमच्याकडे तोंड करून वळला पाहिजे. कठड्याकडे तोंड करून वळला की त्याचे मागचे पाय तुमच्या दिशेला येतात, आणि गटात ते शेजारच्या घोड्याच्या छातीत बसतात. त्याला मंद करा, आत येण्याची खूण द्या, तो दोन-तीन पावलं आत आला की हात बदला आणि दुसऱ्या बाजूला बाहेर पाठवा.

गिरकी याच धड्यातून निघते. खांद्याकडे छडी दाखवून पुढचा भाग कठड्याकडे वळवा आणि पूर्ण फेरा होईपर्यंत चाबकाने पुठ्ठा सोबत ठेवा. आधी पाव फेरा, मग अर्धा. पाय जमिनीत रोवून वेगाने फिरवलेल्या गिरक्यांनी गुडघे आणि घोटे दुखावतात, म्हणून एका सरावात चार-पाचच्या वर नको.

कँटर आता सुरू करा. गोलात घोडा आतल्या पायाने कँटर धरतो, म्हणजे आतला पुढचा पाय जास्त पुढे टाकतो. बाहेरच्या पायाने धरला तर दुडकीवर आणून पुन्हा उठवा. तसाच पळवत ठेवलात तर वळणावर तो स्वतःच्याच पायात अडखळतो.

पायरी ४: दोर काढणं

हे एका दिवसाचं काम नाही. आधी जाड दोराऐवजी पातळ दोर. मग तोच दोर मोहरकीच्या कडीतून ओवून दोन्ही टोकं हातात ठेवा. एक टोक सोडलं की दोर कडीतून सरकून हातात येतो, घोडा न थांबवता. पहिल्या दिवशी सरावाच्या शेवटच्या दोन फेऱ्या मोकळ्या. दुसऱ्या दिवशी चार. काही बिघडलं तर घोड्याच्या मागे धावायचं नाही. मध्ये उभं राहायचं, त्याला फिरू द्यायचं, त्याचा आतला कान तुमच्याकडे वळला आणि तो चघळल्यासारखं तोंड हलवू लागला की नाव घेऊन बोलवायचं. आला की दोर लावून एक सोपं काम करून घ्यायचं आणि सराव तिथेच संपवायचा.

दोर जमिनीवर लोंबता ठेवून घोडा सोडू नका. पायात गुंतला की पाय मोडतो.

दार हा मोकळ्या घोड्याचा सगळ्यात मोठा मोह. दाराजवळ तो मंदावतो, बाहेर झुकतो. तिथे एक मदतनीस उभा ठेवा, आणि सराव नेहमी दाराच्या समोरच्या बाजूला संपवा. मोहरकी तिथे घालायची आणि मग चालवत बाहेर न्यायचं. चुकलेल्या कामानंतर घोड्याला कधीच बाहेर काढू नका. त्याच्या दृष्टीने ते बक्षीस असतं.

> तपासा: सलग पाच दिवस, पूर्ण सराव मोकळा, दाराकडे एकदाही झुकला नाही. हे प्रत्येक घोड्याचं वेगवेगळं व्हायला हवं. सात तयार आणि एक कच्चा असेल तर गट तयार नाही. तो एक कच्चा बाकीच्या सातांना बिघडवतो.

पायरी ५: गट जोडणं

आठ घोडे एकदम सोडणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. दोनपासून सुरुवात करा. पहिला घोडा शांत, एकसारख्या चालीचा आणि तुमच्यावर विश्वास असलेला हवा. सगळ्यात देखणा किंवा सगळ्यात तेज घोडा पुढे ठेवण्याची चूक फार होते. पुढचा घोडा वेग ठरवतो. तो तापला तर मागचे सगळे तापतात.

दुसरा घोडा दोरावर, मदतनिसाच्या हातात, पहिल्याच्या मागे. मग तो मोकळा. मग तिसरा दोरावर. प्रत्येक नवा घोडा असाच जोडायचा, आणि जागा कायमची ठरवायची. तिसरा तो तिसराच. तबेल्यात त्याच क्रमाने बांधा, त्याच क्रमाने बाहेर काढा, प्रवासातही शक्यतो तेच शेजारी ठेवा. शेजारी बांधलेल्या घोड्यांची भांडणं तबेल्यातच मिटतात, रिंगणात येत नाहीत.

जागेचा हिशेब आधी करा. कठड्यापासून अर्धा मीटर आत धावणाऱ्या घोड्यांचा गोल साधारण ३७-३८ मीटरचा होतो. एक मध्यम घोडा नाकापासून पुठ्ठ्यापर्यंत २.४ मीटर धरला, तर आठ घोड्यांना १९ मीटर लागतात आणि प्रत्येकामागे जवळजवळ एका घोड्याएवढी जागा उरते. बारा घोडे धरले तर पाऊण मीटरही उरत नाही, नाकाला शेपटी लागते. म्हणून बारांचा गट एकेरी रांगेत पळवायचा असेल तर अंतर राखणं आठांपेक्षा कितीतरी पक्कं हवं. पहिला खेळ सहांचा करा, हे माझं स्पष्ट मत आहे.

अंतर राखायला शिकवताना पुढच्याला मारून पळवू नका, मागच्याला नावाने थोपवा. नाव घेताना नजर आणि छडी त्याच घोड्याकडे असू द्या. दुसऱ्याकडे बघत पहिल्याचं नाव घेतलंत तर दोघंही थांबतात. कान मागे पाडून, मान लांबवून शेजाऱ्याकडे जाणारा घोडा चावणार आहे हे लक्षात घ्या. दात लागायच्या आधी आवाज गेला पाहिजे, नंतर ओरडून उपयोग नाही.

> सावध: गटात तुमच्या पाठीमागे नेहमी काही घोडे असतात. एका जागी रुतून उभे राहू नका, सतत फिरत राहा, आणि पाठीमागच्या टापांचा ताल ऐका. ताल तुटला की आधी वळून बघा.

पायरी ६: रचना

एकेरी रांग पक्की झाली की दोन-दोन. मागच्या जोडीदाराला आतून पुढे आणायचं, पुढच्याला थोडं मंद करायचं. मग चार-चार. इथे लोक विसरतात ते असं, की शेजारी धावणाऱ्या चौघांपैकी आतल्याला छोटा गोल पडतो आणि बाहेरच्याला मोठा. आखूड पावलाचा घोडा आत, लांब पावलाचा बाहेर ठेवा. बाहेरच्याला चाबकाने हाकत बसण्यापेक्षा आतल्याला थोपवणं सोपं आणि सुरक्षित.

नागमोडी चाल आणि रांगेतून आरपार जाणं यांचा सराव साध्या चालीत महिनाभर करा. जमिनीवर चुन्याची खूण लावून ठेवली तर माणसाला मदत होते. घोड्याला तिची गरज नसते, तो तुमच्या पावलांवर जातो. म्हणूनच तुम्ही रोज वेगळ्या जागी उभे राहिलात तर रचना रोज वेगळी मोडते. माझ्या पाहण्यात मोडलेल्या दहा रचनांपैकी आठ माणसाच्या चुकलेल्या पावलाने मोडल्या आहेत.

कठड्यावर पुढचे पाय ठेवणं हा धडा सोपा आणि दिसायला सुंदर. आधी जमिनीवर रुंद, न हलणारी फळी, मग बुटकी चौकट, मग कठडा. पृष्ठभागावर काथ्याची किंवा रबराची चटई हवीच. एकदा खूर घसरला तर घोडा पुन्हा पाय ठेवायला कित्येक दिवस तयार होत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

पायरी ७: एकेकट्याची कामं

पुढचा एक पाय वाकवून केलेला नमस्कार खाऊने शिकवता येतो. हात पुढच्या पायांच्या मधून मागे न्या, नाक त्यामागे खाली जातं, छाती झुकते. पाय दोरीने ओढून वाकवू नका.

मागच्या दोन पायांवर उभं राहणं सगळ्यात शेवटी शिकवा, आणि सगळ्यांना शिकवू नका. पाठ आणि मागचे सांधे मजबूत असलेले, डोक्याने शांत असे एक-दोन घोडे पुरेत. आधी खाली येण्याची खूण पक्की करा, मग वर जाण्याची. ही खूण दुसऱ्या कोणत्याही खुणेसारखी दिसता कामा नये. आत येण्यासाठी चाबूक सरळ वर करत असाल, तर उभं राहण्यासाठी दोन्ही हात वर किंवा वेगळा शब्द ठेवा. या दोन खुणांची गल्लत झाली तर बोलावलेला घोडा जवळ येऊन तुमच्या डोक्यावर पाय उचलतो.

पायरी ८: दिवे, वाद्यं, टाळ्या, साज

घोड्याचे डोळे अंधारातून उजेडात आल्यावर माणसापेक्षा सावकाश जुळतात. काळोख्या वाटेतून लखलखीत रिंगणात घातलेला घोडा काही क्षण चाचपडत असतो. आतल्या वाटेवर मंद दिवा ठेवा आणि पहिली फेरी दुडकीत घ्या. कडेने फिरणारे आणि जमिनीवर सावल्या पळवणारे दिवे टाळा. कपाळावरचा तुरा डोळ्यांच्या कडेला हलू नये इतका घट्ट हवा. तो सरावातच, एकेकाला, तबेल्यात आधी बांधून दाखवा.

वादकांनी घोड्यांच्या चालीला ताल जुळवायचा असतो. घोडे संगीतावर नाचतात असं वाटतं खरं, पण ताल धरायचा तो वादकाने, टापांकडे बघून. टाळ्यांची सवय थोड्या माणसांपासून सुरू करून वाढवत न्या.

पायरी ९: प्रयोगाचा दिवस

चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, किमान दोन तास आधी संपलेली असावी. गवत आणि पाणी मात्र तोडू नका. घोड्याला उलटी होत नाही, पोट बिघडलं तर ते थेट पोटशुळाकडे जातं. अर्धा तास आधी प्रत्येक पायावरून हात फिरवा, गरम किंवा सुजलेली जागा शोधा. नाल पक्के आहेत का ते बघा. मग दहा मिनिटं साध्या चालीत अंग मोकळं करा.

लंगडणारा, खोकणारा किंवा खाणं टाकलेला घोडा त्या दिवशी उतरवायचा नाही. यासाठी सहांचा खेळ पाचांनीही करता यावा, अशी पर्यायी रचना आधीच बसवून ठेवा. जागा रिकामी ठेवून खेळ करण्याचा सराव नसेल तर आयत्या वेळी सगळी रांग विस्कटते.

मध्येच रचना मोडली तर ती तिथेच दुरुस्त करायला जाऊ नका. सगळ्यांना एकेरी रांगेत दुडकीवर आणा, एक पूर्ण फेरी होऊ द्या, मग पुढच्या कामाला जा. एकेरी रांग म्हणजे तुमचं घर, कुठूनही तिथे परतता आलं पाहिजे. सरावात ठरवून, कुठेही मध्येच थांबून, घरी परतण्याचा सराव करा.

शेवटचा घोडा बाहेर गेल्यावर सगळ्यांना सावकाश चालवा. श्वास शांत झाला की घोटाघोटाने पाणी द्या, खरारा करा, आणि पाय पुन्हा तपासा. नाडी पंधरा-वीस मिनिटांत खाली यायला हवी. विश्रांतीतल्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. अर्ध्या तासानंतरही ती ६० च्या वर राहिली तर पशुवैद्याला बोलवा आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीतून त्या घोड्याचं नाव काढा.